चतुर्दशीचे पान

भाद्रपद कृष्ण चतुर्दशीला मला फारशी घरे नसतात. पितृपक्षातील इतर तिथींना दोन-दोन, तीन-तीन ठिकाणी पाट मांडून ठेवलेले असतात, आणि मी रिक्षात बसण्याआधीच पुढच्या घराचा फोन येतो की गुरुजी निघाले का. चतुर्दशी मात्र घाताने गेलेल्यांची. जो पाण्यात बुडाला, जो वाहनावरून पडला, ज्याला शस्त्र लागले वा सर्प डसला, तो कोणत्याही तिथीला गेलेला असो, पितृपक्षात त्याचे श्राद्ध या एकाच दिवशी करावे, असा परिपाठ आहे. देवाच्या कृपेने अशी माणसे थोडी. गेल्या वर्षापर्यंत मी या दिवशी दोनच घरी जात असे. त्यांतले एक घर हातकणंगल्याच्या पुढे, उसाच्या रानांमधल्या एका लहान गावात आहे. पुढचे सारे त्या घराविषयी आहे, आणि काही अंशी माझ्या हातून घडलेल्या एका चुकीविषयी.

मी कोल्हापुरातील एका शाळेत चौतीस वर्षे संस्कृत शिकवले. पौरोहित्य घराण्यातून आले, आणि निवृत्तीनंतर तेच काय ते उरले. वडिलांनी यजमानांची एक वही करून ठेवली होती. लाल खारव्याच्या जाडसर कापडी बांधणीची ती वही अजून माझ्याजवळ आहे. प्रत्येक घराण्याला चार-पाच पाने. कोण गेले, यजमानाशी नाते काय, गोत्र कोणते, तिथी कोणती, एवढेच त्यात असते. प्रत्येक घराण्याच्या शेवटी एक पान चतुर्दशीसाठी राखलेले; त्यावर घाताचा प्रकार आणि वयही. बहुतेक घराण्यांचे हे पान कोरे आहे. या घराच्या पानावर तीन नावे होती. पहिले वडिलांच्या अक्षरात, पुढची दोन माझ्या.

पहिले नाव घरच्या कर्त्याच्या थोरल्या भावाचे. कर्ते माझ्याहून दोन वर्षांनी लहान, म्हणजे आता शहात्तर वर्षांचे आहेत. सारा गाव त्यांना आबा म्हणतो, मीही तसेच म्हणतो. त्यांचा भाऊ एकोणिसाव्या वर्षी मळ्यातल्या विहिरीत बुडाला. पंचक्रोशीत त्याच्यासारखा पोहणारा नव्हता, असे म्हणत. वैशाखात भर उन्हाचे विहिरीत उडी घेतली आणि वर आला तो निष्प्राण. विहिरीच्या तळाशी कुठेतरी पाय अडकला असेल, असे गावाने ठरवले. वडिलांनी वहीत 'जलघात' असे लिहिले.

दुसरे नाव आबांच्या मुलाचे. तो एकतिसाव्या वर्षी मलकापूरच्या रस्त्याला मोटारसायकलवरून पडून गेला. रस्ता सरळ, वेळ दुपारची, पुढे-मागे वाहन नव्हते. कुत्रे आडवे आले असणार, असे लोक म्हणाले; कुत्रे कोणी पाहिले नव्हते. गाडीचा आरसासुद्धा फुटलेला नव्हता, हे मला तेव्हाही कोणीतरी सांगितले होते. मी ऐकले आणि 'वाहनघात' असे लिहिले. त्याच्या मागे पत्नी आणि दोन लेकरे राहिली, आठ वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी. घरच्यांच्या इच्छेवरून मी तेथे तीन दिवसांची शांती केली. तिसऱ्या दिवशी त्या सुनेच्या हातावर तीर्थ घालताना मी म्हणालो, ''आता या घरात असा घात होणार नाही, बाई.'' या वाक्याला कसलाही आधार नव्हता. तिच्याकडे पाहवत नव्हते, म्हणून ते तोंडातून गेले.

तेरा वर्षांनी तिचा मुलगा गेला.

तो पोलीस भरतीची तयारी करत होता. पौषातली पहाट उलटून नुकते उजाडले होते. गावातल्या शाळेच्या मैदानावर चार-पाच जण पळत होते. पाचव्या फेरीला हा बाकीच्यांच्या बराच पुढे होता, आणि वळणावर एकाएकी पुढच्या पुढे कोसळला. कपाळ हद्दीच्या दगडावर आपटले. मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत काही उरले नव्हते. शवविच्छेदन झाले, जो कागद आला त्यात मृत्यूचे निश्चित कारण लिहिलेले नव्हते. दगड मात्र सर्वांनी पाहिला होता, आणि कपाळावरची जखमही.

वर्षश्राद्ध उरकल्यावर पहिला पितृपक्ष आला, तेव्हा वहीत नाव कोठे लिहायचे हा प्रश्न माझ्यापुढे आला. मी आबांना रीतसर विचारले की घात धरायचा की आजार.

''आजार कसला, गुरुजी?'' आबा म्हणाले. ''बैलागत पोरगं हुतं. दगड लागला.''

ते उत्तर मला सोयीचे वाटले, हे आज कबूल केले पाहिजे. शेवटचे पान उघडून मी तिसरे नाव लिहिले. वरची दोन नावे माझ्या बोटाखालीच होती. एकवीस वर्षांच्या नातवासाठी पंच्याहत्तरीच्या आजोबांनी हातात दर्भ आणि तीळ घ्यावेत, या उलट्या क्रमाचा शीण मला त्या दिवशी इतका आला होता की वरचे काही वाचण्याचे त्राण नव्हते.

पुढच्या चैत्रात त्याच्या बहिणीचा प्रसंग घडला. आपल्या भावाहून ती दोन वर्षांनी लहान. भाऊ गेल्यावर भरतीचा अर्ज तिने भरला. त्याचे थांबघड्याळ गळ्यात अडकवून त्याच मैदानावर ती पळू लागली. घरात कोणी तिला अडवले नाही. तिने हे काम पुरे केले तर गेलेल्याचा जीव शांत होईल, अशी काहीशी समजूत आबांची झाली होती. यात्रेची गर्दी ओसरल्यानंतरच्या एका रविवारी मायलेकी जोतिबाला गेल्या. सरावच होईल म्हणून मुलगी पायऱ्या पळत चढली. वर देवळासमोर ढोल वाजत होते, कोणीतरी कानाशी मोठ्याने चांगभलं केले आणि ती जागच्या जागी खाली गेली. डोळे फिरले, हातपाय ताठरले. भोवतीच्या बायकांनी तिच्या कपाळी गुलाल लावला, कोणी ओटी भरली, दोघी-तिघी पाया पडल्या. काही मिनिटांनी ती आपोआप उठून बसली.

मी नंतर एका पूजेला गेलो तेव्हा हे तिच्याच तोंडून ऐकले.

''गुरुजी, मी पाच मिनटं देव झालते,'' ती म्हणाली. ''दोन नारळ बी मिळाले. आई सोडून समद्यांनी पाया पडून घेतलं.''

''गप बस,'' आई म्हणाली. ''देवाची चेष्टा करत्यात व्हय?''

मी हसलो, आणि हात जोडले. तिला नव्हे, देवाला; पण त्या पडण्यात देवाचा काही संबंध असावा असे मलाही वाटले, म्हणूनच जोडले. भाऊ गेल्यापासून ही पोर पुरेशी रडलेली नव्हती, ते सारे त्या गजरात बाहेर आले असेल, असाही एक विचार मनाशी करून मी समाधान मानले.

वैशाखात माझी स्वतःची छाती जड वाटू लागली. पत्नीच्या आग्रहावरून मी शहरातल्या एका हृदयरोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या माझ्याच विद्यार्थिनी निघाल्या. नववीत रूपे पाठ न केल्याबद्दल मी त्यांना वर्गाबाहेर उभे केले होते, हे त्यांनी आल्या आल्या सुनावले, आणि माझ्या छातीला तारा लावताना म्हणाल्या, ''आज तुम्ही हलायचं नाही, सर. आज माझा तास आहे.'' आलेख पाहून त्यांनी वयाला साजेसे आहे, भिण्याचे कारण नाही, असे सांगितले. मग कागदावर लिहिता लिहिता नेहमीचा प्रश्न विचारला, की घरात कोणी तरुण वयात अचानक गेले आहे का.

मी नाही म्हणालो. त्यांनी मान वर केली.

''हृदयविकाराने असं मी विचारलं नाही, सर. लोक इथेच चुकतात. तरुण माणूस गेला का विचारलं की नाही म्हणतात. आणि उठता उठता सांगतात, एक काका पोहताना बुडाला होता, एक भाऊ गाडीवरून पडला होता. मला नेमकं तेच ऐकायचं असतं. पोहता येणारा माणूस का बुडाला? सरळ रस्त्यावर का पडला? कधी कधी पडून मरत नाहीत ते. हृदय थांबतं, म्हणून पडतात.''

पुढे त्या बरेच बोलल्या. काही घराण्यांत हृदय दिसायला निकोप असते, मेल्यानंतर चिरून पाहिले तरी काही सापडत नाही. पण ठोक्यांचा ताल सांभाळणाऱ्या व्यवस्थेत जन्मतःच दोष असतो. पळताना, पोहताना, कधी एखाद्या मोठ्या आवाजाने तो ताल बिघडतो. त्याआधी एखाददुसऱ्या वेळी नुसती चक्कर येऊन जाते, आणि लोक तिला फीट म्हणतात, उपास म्हणतात, अंगात आले म्हणतात. वेळीच कळले तर औषध आहे. हे त्या आपल्या कामाच्या ओघात, मला बरे वाटावे म्हणून सांगत होत्या. मी सदऱ्याच्या गुंड्या लावत होतो. चौथी गुंडी माझ्याने लागेना.

घरी येऊन मी जेवलो नाही. वही काढली, त्या घराचे शेवटचे पान उघडले. एकोणीस, एकतीस, एकवीस. तिन्ही वये नावांसमोर लिहिलेली होती. अर्धी आमच्या वडिलांनी, अर्धी मी असे म्हणायलाही जागा नव्हती, दोन माझ्याच हातची होती. साठ वर्षे हे पान आम्ही दर भाद्रपदात उघडले, संकल्पात ही नावे स्वच्छ उच्चारली, आणि पान मिटले. घरच्यांना तीन वेगळे अपघात आठवत होते, तीन वेगळ्या पिढ्यांचे. ते एकाखाली एक लिहिलेले जगात फक्त माझ्याजवळ होते. आणि पायऱ्या पळत चढून कोसळलेली ती मुलगीही मला ठाऊक होती.

दुसऱ्याच दिवशी आबांचा फोन आला. मुलीची मैदानी चाचणी पंधरा दिवसांवर आली होती. आठशे मीटर पळायचे होते. भाऊ मैदानावरच गेला, तेव्हा तिच्या चाचणीआधी काहीतरी शांती करून द्या, म्हणजे मनाला रुखरुख नको, असे ते म्हणत होते. मी येतो म्हणालो. पंचपात्र-पळी घेतली नाही; वही पिशवीत घातली आणि एसटीत बसलो.

दुपारी चारचा सुमार होता. सोप्यात आबा जाजमावर बसले होते. मुलगी दूध घालायला डेअरीवर गेली होती आणि सून आत चहा ठेवत होती. माझी पिशवी पाहून आबांनी साहित्याची यादी मागितली. मी यादी दिली नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले जेवढे मला कळले होते तेवढे सांगितले, आणि चाचणीआधी मुलीला तपासून घ्या असे म्हटले.

आबांनी जाजमाची सुरकुती सारखी केली. मग म्हणाले, ''म्हातारपणी गुरुजी डाक्टर झालं म्हणायचं.''

''झालो असतो तर बरे झाले असते, आबा.''

''बरं, जाऊ की दवाखान्यात. आदी शांती हुं द्या, मग जाऊ.''

''आधी दवाखाना. तोवर या घरात मी पळीभर पाणी सोडणार नाही.''

हे वाक्य मी उभ्या आयुष्यात कोणत्याही यजमानाला ऐकवले नव्हते. माझा स्वर मलाच परका वाटला. आबांना ते फार लागले. मग जे बोलणे झाले ते सारे लिहिण्यासारखे नाही. पोरीला रोग आहे असे एकदा गावात झाले की तिला कोण करून घेणार, हे ते बोलले. साठ वर्षे आमचे घराणे त्यांच्या घरी येत आहे, माझ्या वडिलांनी कधी कशाला नाही म्हटले नव्हते, हेही बोलले. मी म्हणालो, ''वडिलांना एकच नाव ठाऊक होते. मला तीन ठाऊक आहेत.'' आणि वही काढून त्यांच्यापुढे ते पान उघडले. आबांना वाचता येते, पण चष्मा जवळ नव्हता. म्हणून मी वाचले. संकल्पात उच्चारतो तशी नाते आणि गोत्रासह तिन्ही नावे वाचली, आणि प्रत्येकाचे वय. नंतर म्हणालो की या तीन घातांपैकी एकाचेही कारण कोणी पाहिलेले नाही; कुत्रे कोणी पाहिले नाही, विहिरीत पाय अडकलेला कोणी पाहिला नाही, आणि तुमचा नातू दगडावर आपटण्याआधी मुळात का कोसळला ते कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही.

आबा पानाकडे पाहत राहिले. त्यांनी वर न बघताच बोलायला सुरुवात केली.

''हिरीवर मी हुतो.''

मला हे ठाऊक नव्हते.

''मी चौदा वर्साचा. मीच त्येला म्हटलं, काठावरच्या मोटंच्या थारोळ्यावनं उडी मार, न्हाय मारलीस तर बायको म्हनीन तुला. हासला आन् मारली. मला वाटलं आता बुडी मारून पलीकडं निगंल. तर वर आला, पालथा, आन् तसाच ऱ्हायला. हातपाय मारलंच न्हाईत, गुरुजी. अडाकला असता तर खालीच ऱ्हायला असता की. आन् वर काढला तवा पोटातनं पानी आलं न्हाय. दाबून दाबून बघितलं लोकांनी. चार थेंब आलं न्हाईत.''

त्यांनी हे साठ वर्षांहून अधिक काळ कोणालाही सांगितले नव्हते. आईला नाही, बायकोला नाही. आपण डिवचले म्हणून भाऊ गेला, असेच धरून ते जगले. दर चतुर्दशीला माझ्यासमोर बसून तीळ सोडताना हे त्यांच्या मनात असे. मी मंत्र सांगत असे, ते म्हणत असत, आणि आम्हा दोघांनाही एकमेकांचे काही ठाऊक नव्हते.

''म्हंजे माझ्यानं न्हाय गेला?'' त्यांनी विचारले.

निश्चित सांगता येणार नाही, असे मी म्हणालो. तेवढेच खरे होते. पण ते उत्तर अर्धेच ऐकून त्यांचा चेहरा पुन्हा उतरला, कारण दुसरा अर्थ त्यांच्या ध्यानात आला होता. भावाला जे होते ते आपल्या रक्तातून मुलाला आले, मुलाकडून नातवाला. त्यांनी हात उताणे करून मांडीवर ठेवले आणि ते त्यांच्याकडेच बघत बसले.

आतल्या दारात सून उभी होती. चहाच्या कपबशा हातात होत्या. किती वेळ ऐकत होती कोण जाणे. तिने कप खाली ठेवले, पदर सारखा केला आणि मला विचारले की त्या बाई सकाळी किती वाजता बसतात. मी सांगितले. मग, त्या दिवशी सांगायचेच होते ते तिला सांगितले, की तिला पंधरा वर्षांपूर्वी दिलेला शब्द खोटा होता, आणि मुलाच्या वेळी दगडाचे ऐकून मी सुटलो. चूक माझ्या हातची आहे.

''चूक कुणाची त्ये मागनं बघू, गुरुजी,'' ती म्हणाली. ''आबा, सकाळच्या साताच्या गाडीनं मी पोरीला घेऊन जानार हाय. तुमी नगं म्हटलं तरी जानार हाय.''

आबा नको म्हणाले नाहीत.

दवाखान्यात मीही गेलो. मुलगी रुसलेलीच होती. सरावाचा एक दिवस बुडाला म्हणून. आलेख काढला, पुन्हा काढला, मग तिला एका पट्ट्यावर जरा चालवून काढला. पट्टा जोराने फिरू दिला नाही, थोडक्यात थांबवला. डॉक्टरीणबाई माझ्याशी थट्टा करत नव्हत्या, त्यावरून मी ओळखले. आलेखातील एक अंतर असावे त्याहून लांब होते. एका ठोक्यानंतर पुढच्या ठोक्यासाठी सज्ज व्हायला तिच्या हृदयाला अधिक वेळ लागत होता. रक्त पुढच्या तपासणीसाठी बाहेर पाठवायचे होते. पण गोळी आजपासूनच, रोज, न चुकता. काही नेहमीची औषधे तिला चालणार नव्हती, त्यांची यादी आईच्या हातात दिली. आबांना आणि घरातल्या इतर रक्ताच्या माणसांनाही आणा म्हणून सांगितले. पोहायचे नाही, पळायचे नाही.

''आठशे मीटर बी न्हाय?'' मुलीने विचारले.

''नाही.''

''हळू पळाले तर?''

''हळू पळून भरती होत नाहीत गं,'' डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. मुलीने तो हात झटकला नाही, पण तिने मान फिरवून घेतली. परतताना स्टँडवर ती मला म्हणाली, ''दादाचं पळणं गेलं, आता माझं बी गेलं. तुमी वही उघडली नसती तर निदान एकदा पळून तरी बघितलं असतं.'' बाकावर मी तिच्याशेजारी बसून राहिलो. गुडघे इतके दुखत होते की उठून दुसरीकडे जाणेही जमले नसते.

पुढचे चार महिने ती माझ्याशी बोलली नाही. नागपंचमीला गेलो तेव्हा पाया पडायला बाहेर आली नाही. आईने हाक मारली, तर आतून म्हणाली की गोळीने डोके जड झाले आहे. शांती मी ठरल्याप्रमाणे करून दिली. आबांनी पुन्हा मागितली नव्हती, पण मी शब्द दिला होता. त्या वेळी कोणाला काहीही आश्वासन दिले नाही. मंत्र म्हटले, प्रसाद घेतला आणि निघालो.

भाद्रपद जवळ आला तसा त्या पानाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. डॉक्टरीणबाईंना मी विचारले होते, की जे तिघे गेले ते यानेच गेले, असे धरू का. त्या म्हणाल्या, ''जिवंत मुलीबद्दल मी सांगू शकते, सर. गेलेल्यांबद्दल शपथेवर सांगता येणार नाही. बहुधा.'' बहुधा या शब्दावर तिथी ठरवण्याचा प्रसंग माझ्यावर कधी आला नव्हता. जवळचे ग्रंथ चाळले, एका वृद्ध स्नेह्याला विचारले. घात होता असे समजून वर्षानुवर्षे चतुर्दशीला ज्यांचे केले, त्यांचा घात नव्हताच असे पुढे वाटू लागले तर काय करावे, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. शेवटी वयाच्या अधिकाराने मीच ठरवले. तिघांना आपापल्या तिथीला बसवायचे. चूक होत असेल तर ती माझ्या नावे.

चतुर्दशीच्या पानावरील नावांवर मी एकेक बारीक रेघ ओढली. वडिलांच्या अक्षरावर रेघ ओढताना हात थांबला, मग ओढली. पान फाडले नाही. ज्याच्या हाती ही वही पुढे जाईल त्याला रेघेखालची नावे आणि वये वाचता आली पाहिजेत. समासात मी थोडक्यात कारणही लिहिले आहे.

याचा एक परिणाम असा झाला की एका दिवसाचे काम तीन दिवसांचे झाले. यंदाच्या पितृपक्षात मला त्या गावी तृतीयेला, सप्तमीला आणि दशमीला, असे तीनदा जावे लागले. सप्तमी आबांच्या भावाची. पान वाढून बाहेर ठेवले तर कावळा लगेच आला. दरवर्षी यायला वेळ लावायचा, असे सून म्हणाली. आबांनी त्याच्याकडे पाहिले. त्या दिवशी ते खिरीची वाटी दुसऱ्यांदा मागून घेऊन जेवले. त्यांच्या स्वतःच्या आलेखातही ते अंतर थोडे लांब आहे, असे मधल्या काळात निघाले होते. शहात्तर वर्षे ते त्यांना कधी जाणवले नाही. हे ऐकल्यापासून त्यांना बरे वाटले की वाईट, मी विचारलेले नाही.

दशमी नातवाची. विधी संपला, आबा हात धुवायला परसात गेले. मी दर्भ गोळा करत होतो. मुलगी दारातून आत आली आणि समोर बसली. तिने वही मागितली. मी दिली. तिने आपल्या घराण्याची पाने उलटून शेवटचे पान काढले, रेघा पाहिल्या, समासातले वाचले.

''जोतिबावर मी उठले नसते,'' ती म्हणाली, ''तर माझं नाव कुठं लिहिलं असतं?''

''याच पानावर,'' मी म्हणालो. ''पायऱ्यांवरून पडली, असे लिहिले असते.''

''मी पायऱ्यांवर पडलेच न्हवते. वर सपाटीला पडलेले.''

''तरी तसेच लिहिले असते.''

तिने मान हलवली. तिला राग आला नव्हता. एखादे गणित जुळल्यासारखा चेहरा होता. आतून आईने ओरडून विचारले की गोळी घेतली काय. ''घेतली की,'' ही म्हणाली, आणि वही मिटून माझ्या पिशवीत ठेवली. मी पाटावरून उठू लागलो तर उजवा गुडघा उचलेना. तिने हात पुढे केला. उठल्यावर ती वाकली आणि चार महिने राहिलेला नमस्कार केला. आयुष्मती भव, हा आशीर्वाद मी हजारांना दिला असेन. तो तोंडून जाण्यापूर्वी मी थांबलो, आणि मग सावकाश उच्चारला.

यंदा चतुर्दशीला मला एकच घर होते. साडेअकरालाच परतलो. इतक्या लवकर कसे, असे पत्नीने विचारले. दुसऱ्या घरचे आता त्या दिवशी नसते, असे मी सांगितले, पाय धुतले, आणि जेवण होईपर्यंत जरा आडवा झालो.